चार मिनिटांचे रँग्लर

पुण्यात बोलायला जागेची कमतरता नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात इथे कोणी ना कोणी कशावर तरी बोलत असतं, आणि ते संपलं की तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठून ‘माझा प्रश्न नाही, छोटंसं निवेदन आहे’ असं म्हणत वक्त्याइतकाच वेळ घेतात. मुलांनाही हे वारं लवकर लागतं. पाचवीतला मुलगा प्रदूषणावर सात मिनिटं बोलतो. सहावीतली मुलगी शिवराय, सावित्रीबाई आणि मोबाइलचे दुष्परिणाम या तिन्हींवर एकाच आवेशात बोलते. फक्त गणिताच्या तासाला हे सगळं शहर मुकाट बसतं. तिथे बाई बोलतात, फळा बोलतो, फार तर घंटा बोलते. मुलं उतरवून घेतात.

तसं हे जुनंच आहे. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं आणि तिथे खुद्द टिळक गणित शिकवू लागले. असं सांगतात, की आकडे फळ्यावर मांडत बसण्याच्या फंदात ते पडत नसत. उदाहरण तोंडीच सोडवून मोकळे होत. हुशार मुलांची चैन असणार. बाकीच्यांचं काय होत असेल याची मला चांगली कल्पना आहे, कारण माझ्या वर्गात बाकीचेच जास्त आहेत.

मी सातवीला गणित शिकवते. शाळा पेठेतली, मराठी माध्यमाची. म्हणजे हल्लीच्या भाषेत ‘सेमी’. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, उरलेलं जग मराठीत. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला तीन मुलं फळ्यापाशी येतात आणि प्रत्येकी चार मिनिटं गणितातली एकच गोष्ट वर्गाला समजावून सांगतात. मग वर्ग प्रश्न विचारतो. मी मागच्या बाकावर बसते. तिथून वर्ग कसा दिसतो ते प्रत्येक शिक्षकाने एकदा बघावं. फळ्याचा उजवा कोपरा उन्हाने चमकतो आणि त्यावरचं एक अक्षर वाचता येत नाही, हे त्या बाकावरच्या मुलांच्या कित्येक तुकड्यांना माहीत होतं. त्यांनी ते फक्त माझ्यापर्यंत येऊ दिलं नव्हतं.

चार मिनिटंच का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं होतं. दहा मिनिटं दिली तर मूल पुस्तक वाचून दाखवतं. दोन दिली तर व्याख्या म्हणून बसतं. चार मिनिटांत व्याख्या संपते आणि वेळ उरतो, आणि त्या उरलेल्या वेळातच काय ते घडतं.

सुरुवातीला मुलांना पीपीटी चालेल असं जाहीर केलं होतं. पुढच्या शनिवारी लसावि आणि मसावि पडद्यावर आले ते निळ्या पट्ट्यांत, बाणांसकट, फिरत फिरत. शेवटच्या पानावर ‘थँक यू, एनी क्वेश्चन्स?’ आणि तळाला बारीक अक्षरांत हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीचं नाव, पुढे ‘गोपनीय’. सातवीचा लसावि गोपनीय! बाबांनी रात्री जागून केलं होतं, उत्तम केलं होतं. मी बाबांना चांगले गुण दिले आणि पीपीटी बंद केली. आता फक्त फळा, खडू आणि घरातली एक वस्तू.

दुसरी अडचण वक्तृत्वाची. बक्षिसं मिळवलेली मुलं फळ्यापाशी आली की पाय जुळवून उभी राहतात. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो,’ इथपर्यंत अर्धं मिनिट जातं. मग आर्यभट, मग शून्याचा शोध, मग भारतमाता. एका मुलीने तर हात उंचावून विचारलं होतं, ‘मित्रांनो, मसावि म्हणजे काय? मसावि म्हणजे एकजूट!’ टाळ्या पडल्या. मी मागून विचारलं, ‘अठरा आणि चोवीसची एकजूट किती?’ तिने शांतपणे सांगितलं, ‘बाई, तो माझ्या भाषणाचा भाग नाही.’ पुढे मोठी होऊन ती कुठे जाईल याची मला मुळीच काळजी नाही.

ज्यांना वक्तृत्व येत नाही त्यांचीच चार मिनिटं बहुधा ऐकण्यासारखी असतात. ही मुलं इंग्रजीत सुरू करतात, कारण पुस्तक इंग्रजीत आहे. ‘द न्यूमरेटर अँड द डिनॉमिनेटर...’ इथवर गाडी रुळावर असते. समोरून कोणीतरी विचारतं, ‘का पण?’ की मूल एकदम मराठीत येतं आणि पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी बोलायला लागतं. ‘अरे म्हणजे बघ ना, खालचा आकडा मोठा म्हणजे तुकडे जास्त, मग तुझ्या वाट्याला बारका तुकडा येणार की नाही?’ पाठ केलेलं आणि समजलेलं यांतली हद्द मला एरवी तपासलेल्या पेपरांतून कधी दिसत नाही. इथे ती ऐकू येते.

आणि त्या हद्दीवर ऐकू येणारी पाठांतराची वाक्यं बऱ्याचदा माझीच असतात. ‘कळलं ना? मागे कळलं का?’ असं दर दोन ओळींनंतर विचारून, उत्तराची वाट न पाहता पुढे जाणारी एक मुलगी वर्गात आहे. सगळे तिला हसतात आणि मग माझ्याकडे बघतात.

गेल्या पावसाळ्यात समीकरणांवर बोलायला एकजण आला. x + ५ = १२. त्याने पाच पलीकडे नेला, अधिकचा उणे केला, उत्तर सात. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं,’ असं म्हणून तो खडू झटकायला लागला. नियम सगळ्यांनाच पाठ. महाराष्ट्रात तर बाजू बदलणाऱ्याने चिन्ह बरोबर घेऊन जाण्याचीही सोय आहे, त्यामुळे उलट वर्गातला नियमच जरा जुनाट वाटतो. पण तिसऱ्या बाकावरून हात वर आला. ‘का बदलतं?’ फळ्यापाशी शांतता. ‘बदलतंच.’ ‘पण का?’ ‘बाईंनी सांगितलंय.’ सगळ्या माना मागे वळल्या. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मी उत्तर दिलं असतं तर तो विषय तिथेच मिटला असता.

पुढच्या शनिवारी तो मंडईतून तराजू घेऊन आला. त्याच्या आईचा भाजीचा गाळा आहे. आता तिथे इलेक्ट्रॉनिक काटा आहे, जुना तराजू माळ्यावर पडून होता. एका पारड्यात कापडी पिशवी, आत किती बटाटे ते गुपित, शेजारी पाच सुटे बटाटे, दुसऱ्यात बारा. बटाटे सगळे एकसारखे निवडून आणलेले, त्यात त्याचा सकाळचा तास गेला होता. काटा मध्ये. त्याने डावीकडचे पाच उचलले. पारडं वर गेलं. उजवीकडचे पाच उचलले. काटा पुन्हा मध्ये. पिशवी उघडली, सात. मग तो मागच्या शनिवारी प्रश्न विचारणाऱ्याकडे वळून म्हणाला, ‘पाच पलीकडे गेलाच नाही. दोन्हीकडून काढला. पलीकडे गेल्यासारखा दिसतो फक्त.’

वर्ग एवढ्यावर ऐकणारा नव्हता. कोणीतरी विचारलं, ‘x + ५ = ३ असेल तर? पिशवीत उणे दोन बटाटे कसे भरणार?’ मला वाटलं, तराजूची हद्द इथे संपली, आता मदतीला जावं. तो मात्र गिऱ्हाईकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, ‘उधारी. पिशवीत चिठ्ठी टाकायची, दोन बटाटे देणं आहे.’

उणे संख्यांनी आमच्याकडे बरीच करमणूक केली आहे. उणे गुणिले उणे अधिक का, यावर पहिलं ठरलेलं स्पष्टीकरण म्हणजे शत्रूचा शत्रू तो आपला मित्र. दिसायला झकास. पण एका मुलीने विचारलं, की मग उणे तीन आणि उणे दोन यांची बेरीज अधिक पाच का नाही? तिथेही दोन शत्रूच एकत्र आलेत. शत्रूंच्या बेरजेचं काय करायचं हे कोणालाच सांगता येईना आणि ती उपमा जागच्या जागी मेली. पुस्तकात कितीतरी वर्षं जगली असती.

तिच्या जागी आली ती पाण्याची टाकी. गुरुवारी पाणी बंद, हे पुण्यातल्या मुलाला नऊच्या पाढ्याआधी कळतं. सिंहगड रस्त्यावरून येणाऱ्या एका मुलीने फळ्यावर टाकी काढली. गुरुवार आहे, वरून थेंब नाही, सोसायटी पाणी वापरते आहे आणि पातळी दर तासाला पाच सेंटिमीटर उतरते आहे, म्हणजे उणे पाच. तीन तासांनी पातळी पंधराने खाली असणार: उणे पाच गुणिले तीन, उणे पंधरा. ‘आणि तीन तासांपूर्वी? वेळ मागे गेली, म्हणजे उणे तीन. तेव्हा पाणी आत्तापेक्षा पंधराने वर होतं. झालं अधिक.’ मी वही उघडून हे लिहून घेतलं. एवढ्यात मागून आवाज आला, ‘पण तीन तासांपूर्वी टँकर येऊन गेला असेल तर?’ मग टँकरवाले किती घेतात, चेअरमन कोणाला आधी पाणी सोडतात, यावर चर्चा गेली, ती घंटेपर्यंत परत आली नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात आर. एल. मूर नावाचे प्राध्यापक होते. ते पुस्तक उघडू देत नसत, स्वतः सांगत नसत. विद्यार्थ्याने फळ्यापाशी येऊन सिद्धता मांडायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली भोकं शोधायची. त्यांच्या हाताखालून मोठमोठे गणिती निघाले. काळ्या विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी वर्गात घेतलं नाही. पद्धत घ्यावी, माणूस तिकडेच राहू द्यावा. शिवाय मूर यांचे विद्यार्थी मोठे होते. माझ्याकडे बारा वर्षांची मुलं आहेत आणि त्यांतलं एक फळ्यापाशी उभं राहून रडलं, तर मला रुमाल शोधावा लागतो. म्हणून आमच्याकडे ‘मला इथपर्यंतच कळलंय’ असं म्हणून जागेवर जायची मुभा आहे. ते म्हणणाऱ्या मुलाचं ‘इथपर्यंत’ कुठे आहे ते वर्गाला नेमकं कळतं. मग निम्मा वर्ग कबूल करतो, की आमचंही तिथेच अडलं होतं.

आपल्याकडे तोंडी गणित नव्हतं असं नाही. एका मुलाचे आजोबा शनिवारी मुद्दाम आले आणि त्यांनी औटकी म्हणून दाखवली: साडेतीनचा पाढा, न थांबता. त्यांच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा व्हायचा; पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. मुलं थक्क झाली. नातवाने विचारलं, ‘आजोबा, अडीच भागिले पाव किती?’ आजोबा म्हणाले, ‘भागाकाराची पावकी नसते रे.’ मग नातवाने त्यांना अडीच लिटर दूध आणि पाव लिटरचं माप काढून दाखवलं. दहा मापं. भागल्यावर आकडा वाढला कसा, यावर आजोबांनीच वर्गातले सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. शेवटी त्यांना प्रसादाचा खडू देऊन निरोप दिला.

मोठी माणसं गणितावर बोलली नाहीत, असा आरोपही पुरता खरा नाही. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी वाचायची रीत आली आणि अख्खा महाराष्ट्र बोलायला लागला. ज्यांनी दहावीनंतर गणिताकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तेही संख्यांच्या अस्मितेवर तावातावाने बोलत होते. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख. जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने लहान मुलं अडखळतात, एवढं साधं कारण त्या पुन्हा पुन्हा समजावून सांगत होत्या. ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या बाईंना गणिताबद्दल एवढ्या गप्पा ऐकून घ्याव्या लागतील असं वाटलं नसेल. दुसरीतल्या मुलांना मात्र कोणी विचारलं नाही, की तुम्ही एकोणऐंशीपाशी नेमके कुठे अडता. त्यांना चार मिनिटं दिली असती तर बरीच शाई वाचली असती. नारळीकर बाई २०२३ साली गेल्या. माझ्या शनिवारच्या तासाला त्यांना एकदा मागच्या बाकावर बसवायचं मनात होतं.

आमच्या शिक्षक-खोलीत या मुलांना ‘चार मिनिटांचे रँग्लर’ म्हणतात. जरा कुचकटपणे म्हणतात, पण म्हणू देत. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले रघुनाथराव परांजपे पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि पुण्याने ती पदवी त्यांच्या नावाला आडनावासारखी जोडून टाकली. त्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक १९२७ साली फर्ग्युसनमधल्या एका विद्यार्थ्याला मिळालं. तो विद्यार्थी पुढे देवळालीला शाळेत मास्तर झाला आणि फावल्या वेळात आकड्यांशी खेळत राहिला: दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांवर बोलायला आलेल्या मुलाने घरातली वस्तू म्हणून पार्किंगमधल्या गाड्यांच्या नंबरांची यादी आणली होती. एमएच-१२ च्या पुढचे चार आकडे. खेळ असा: आकडे उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या संख्येला पुन्हा तेच. ४८०५ घेतली तर ८५४० वजा ०४५८ म्हणजे ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ चं काहीही करा, ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात वेळा वजा केलं की कुठलीही गाडी तिथेच येऊन उभी राहते. कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत हे सांगितलं. देवळालीच्या मास्तरांचं कौतुक व्हायला त्यानंतर बरीच वर्षं जावी लागली.

‘कुठलीही?’ वर्गाने विचारलं. मुलगा म्हणाला, ‘माझ्या यादीतली एक सोडून,’ आणि फळ्यावर ११११ लिहिलं. उलटंसुलटं सारखंच, वजाबाकी शून्य. त्याच्या सोसायटीतल्या एका काकांनी हा नंबर भरपूर पैसे मोजून घेतलाय. तो नंबर टिपत असताना काकांनी त्याला हटकलंही होतं, आमच्या गाडीचा नंबर कशाला लिहितोस म्हणून. त्याने खरं ते सांगितलं: ‘काका, तुमचं उत्तर शून्य येतंय.’ आईला दुसऱ्या दिवशी खाली जाऊन समजूत घालावी लागली.

एका मुलीला मात्र गोष्टीत रस नव्हता. तिचं म्हणणं होतं, की दहा हजार नंबर तपासल्याशिवाय ‘सगळ्या गाड्या’ असं म्हणायचंच कसं. तिने दोन शनिवार घेतले. पहिल्या वजाबाकीत फक्त दोन फरक लागतात, हे तिने हेरलं: सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा यांतला एक, मधल्या दोघांतला दुसरा. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने, बेरीज करा, पहिली वजाबाकी तयार. ११११ सारख्या दहा संख्या वगळल्या, तर असे फरक जास्तीत जास्त ५४ प्रकारचे निघतात. दहा हजार गाड्यांऐवजी ५४. तेवढ्या तिने वहीत करून आणल्या होत्या. त्या वेळी वर्गात टाळ्या पडल्या नाहीत. ज्यांना कळलं ते पुन्हा मोजत होते आणि ज्यांना कळलं नाही ते शेजाऱ्याच्या वहीत बघत होते. माझ्या मते तो वर्षातला सगळ्यात चांगला तास झाला.

पालकसभेत अर्थात वेगळा हिशेब निघतो. ‘याचे मार्क किती?’ शून्य. ‘मग अभ्यासक्रम कधी संपणार?’ हा प्रश्न रास्त आहे. एका मुलाने तो समप्रमाणाखाली सोडवूनही दाखवला: दर शनिवारी प्रश्नोत्तरं इतकी लांबली, तर सातवीचं पुस्तक आठवीच्या दिवाळीत संपतं. त्याची आकडेमोड अचूक होती. मी एवढंच विचारलं, की तास लांबण्याचा वेग कायम राहील हे कशावरून धरलंस. तो विचार करतो म्हणाला. तेवढ्यात सहामाही परीक्षा आली.

सध्या पायथागोरस चालू आहे, आणि त्या निमित्ताने भास्कराचार्य वर्गात आले आहेत. ‘लीलावती’ ११५० ची, पण त्यातला नऊ हात उंच खांबावरचा मोर अजून तिथेच बसलेला आहे. खांबाच्या पायथ्याशी बीळ. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे निघतो. मोर त्याच्यावर तिरका झेपावतो. दोघं सारखंच अंतर कापतात, तर गाठ बिळापासून किती हातांवर पडते? बोलणाऱ्या मुलीने सुतळीने खांब आणि जमीन आखली, वर्गविस्ताराचं सूत्र लावलं, मोराचे पंधरा, सापाचे पंधरा, बिळापासून बारा. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मी खूश.

मग हात वर झाले. साप आणि मोर यांचा वेग सारखा कसा? मोर कुठे पडायचं हे आधीच ठरवून उडतो, म्हणजे त्याला समीकरण येतं, मग सापाला का येऊ नये? सापाला मोर दिसल्यावर तो सरळ बिळाकडे का येत राहील, मागे का नाही वळणार? बोलणारी म्हणाली, ‘भास्कराचार्यांनी तसं धरलंय.’ तिसऱ्या बाकावरचा तोच मुलगा उठला. ‘त्यांनी सापाला विचारलं होतं का?’

घंटा झाली. पुढच्या शनिवारसाठी सापाच्या बाजूने बोलायला तिघांनी नावं दिली आहेत. मोराच्या बाजूने अजून कोणी पुढे आलेलं नाही. एकाला घरातली वस्तू म्हणून काय आणायचं आहे ते मी अजून विचारलेलं नाही.